विळीवर कापलेली बिस्किटं

आमच्या सासरी दिवाळीचा पहिला घाणा सासूबाईंच्या हातचा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी चूल सारवायची, तिला हळदकुंकू वाहायचं, आणि कढई चढवायच्या आधी कच्च्या पिठाचा चिमूटभर तुकडा विस्तवाला द्यायचा. तो त्यांनीच द्यायचा आणि उजव्या हातानं. तो जळला की मग करंज्या, चकल्या, काय करायचं ते करा. मी सातारच्या मास्तरांची मुलगी. आमच्याकडे फराळ म्हणजे रविवारी सुट्टी बघून उरकायचं काम. लग्न करून आष्ट्याजवळच्या या गावात आले तेव्हा हे सगळं बघून मला हसू आलं होतं. एका पिठाच्या तुकड्याचं एवढं काय? पुढे कळलं.

आमचे हे फौजेत. घरी सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई. दोन नणंदा लग्न होऊन गेलेल्या, थोरली उंब्रजला, धाकटी मेढ्याकडे. भाऊबीजेला त्या यायच्या आणि जाताना आईच्या हातचा फराळाचा डबा घेऊन जायच्या. आत्याबाई म्हणजे करडं काम. चार एकर उसाच्या पाळ्या त्यांना तोंडपाठ, म्हशीची धार त्यांच्याशिवाय कुणी काढायची नाही, आणि स्वयंपाकघरात माझं स्थान दुसऱ्या क्रमांकाचं, तेही बरंच खाली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची तिसरी दिवाळी. त्या वर्षी आषाढात आत्याबाईंच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी धारेला म्हणून उठल्या आणि गोठ्याच्या उंबऱ्यात बसल्या त्या बसल्याच. उजवा हात गेला, उजवा पाय गेल्यात जमा, तोंड वाकडं झालं. बैलगाडीतून आष्टा, तिथून एसटीनं सांगली. दवाखान्यात पंधरा-वीस दिवस काढले. तोंड बरंचसं सरळ झालं, पाय ओढत काठीच्या आधारानं चार पावलं टाकता येऊ लागली. बोलणं जड झालं, पण थांबलं नाही. त्यांचं बोलणं थांबवणं वाऱ्याच्याही हातात नव्हतं. हात मात्र आला नाही. मूठ घट्ट मिटलेली, कोपरात वाकलेला, छातीशी धरलेला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, जे जमेल ते काम त्यांना करू द्या. बसून राहिल्या तर बसूनच राहतील.

मी मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. त्यांना घास मी भरवायचा, वेणी मी घालायची, पाण्याचा तांब्यासुद्धा मी तोंडाला लावायचा. विळी तर पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकली. म्हटलं, डाव्या हातानं काही करायला जातील आणि बोट कापून घेतील. भाजी मी चाकूनं चिरायला लागले. बघायला येणाऱ्या बायका कबुतराच्या रक्तानं हात चोळायला सांगायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, सून असावी तर अशी. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला गोड लागायचं.

नवरात्र संपलं. एक दिवस फराळाचं सामान आणायचं म्हणून मी यादी करत होते. आत्याबाई बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, करंजीला खोबरं किती आणू?"

"तुझं तू बघ. औंदा घाणा तूच घाल."

"पण पहिला घास..."

"त्योबी तूच घाल. डाव्या हातानं इस्तवाला घास देत न्हाईत. माझं काय आता, आजचं मरान उद्यावर."

त्या दिवशी रात्रीच्या भाकरीला त्या नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अर्धीच खाल्ली. काठी कोपऱ्याला लावली ती तशीच. चौथ्या दिवशी संडासला जाण्यापुरत्याही उठायला कुरकुर करू लागल्या. डॉक्टरांचं वाक्य आठवलं. बसूनच राहतील, म्हणाले होते. इथं तर बाई आडवी झाली होती. दिवाळीला ही चुलीपुढे आली नाही, तर पुन्हा कधीच येणार नाही, हे मला लख्ख कळलं. आणि त्यांना आडवं करण्यात माझाही हात होता, तेही कळलं. मग मात्र मी हट्टाला पेटले. मी मुळातलीच हट्टी. माझ्या आईनं त्यापायी डोक्याला हात लावलेला.

आता यांना द्यायचं काय? मी एकेक पदार्थ मनात करून बघितला. करंजीला दोन हात. चकलीचा सोऱ्या दाबायला दोन हात. लाडू एका हातानं वळतो, पण तो हात उजवा लागतो. डाव्या हातानं वळलेला लाडू त्या स्वतःच उकिरड्यावर टाकतील. शंकरपाळ्याला पोळी लाटायची, म्हणजे पुन्हा दोन हात. सगळा फराळ मेला दोन हातांचा.

तेव्हा मला छावणीतली शेजारीण आठवली. लग्नानंतर दीड वर्ष मी यांच्याबरोबर उत्तरेकडे फॅमिली क्वार्टरमध्ये राहिले होते. शेजारी एका कारकुनाची बायको, दक्षिणेकडची ख्रिश्चन. नाताळ आला की ती लोण्याची बिस्किटं करायची. लोणी, साखर, मैदा मळायचा, त्याची मनगटाएवढी जाड लांब गुंडाळी करायची आणि ती थंडीत खिडकीबाहेर ठेवायची. दगडासारखी घट्ट झाली की सकाळी काप पाडायचे आणि पत्र्याच्या भट्टीत भाजायचे. काप पाडताना तिच्या कडेवर तान्ही मुलगी असायची. म्हणजे कापायला एकच हात, तो डावाही चालेल. मी बसल्या जागी मांडीवर थाप मारली.

आमच्याकडे बिस्किटं म्हटलं की लोक मैदा, तूप, साखर डब्यात भरून आष्ट्याच्या भट्टीवर नेऊन द्यायचे आणि भाजलेली नानकटाई घेऊन यायचे. घरी बिस्किटं भाजणारी बाई मी पंचक्रोशीत बघितली नव्हती. मामांना मी नदीची वाळू आणायला सांगितली. मोठ्या पातेल्यात वाळूचा थर, वर तीन पायांचं तिकाटणं, त्यावर थाळी, झाकणावर निखारे. खाली जाळ मंद. झाली भट्टी. मामांनी उंबऱ्यातून बघितलं आणि म्हणाले, "वाळू शिजायला किती येळ लागंल?"

साखर कारखान्याची, सभासदांना दिवाळीची मिळालेली. दाणा जाडा, ती जात्यावर दळून पिठी केली. सकाळीच ताक घुसळलं होतं, त्याचं ताजं लोणी पांढरंशुभ्र. खऱ्या घाण्याआधी करून बघावं म्हणून थोडंच मळलं, गुंडाळी केली, काप पाडले, थाळीत मांडून झाकण ठेवलं. थोड्या वेळानं उघडून बघते तर बिस्किटं कुठली! सगळी वितळून एकमेकांत गेलेली, थाळीभर एकच पोळी, कडेनं करपलेली आणि मध्ये लिबलिबीत. मी झाकण आपटलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं आलं असं मी तेव्हा म्हटलं असतं.

बाजेवरून आवाज आला. तोंड भिंतीकडेच होतं.

"लोनी धुतलं हुतंस का?"

"धुवायचं कशाला? ताजं आहे."

"ताजं हाय म्हनूनच. त्यात ताक ऱ्हातंय. गार पान्यानं चारदा धू, पिळून काढ. पानी निवळ निघंस्तवर." वर म्हणाल्या, "मास्तराची लेक न्हवं तू?"

चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला टोमणा मारला होता. मला इतका आनंद झाला की त्याचा राग यायचाच राहून गेला. मी सबंध पोळी म्हशीच्या घमेल्यात टाकली आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या दिवसाचं लोणी चारदा नाही, सहादा धुतलं. परातीतलं पाणी निवळ निघालं ते मी मुद्दाम बाजेपाशी नेऊन दाखवलं. त्यांनी मान वळवून बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. तेवढं मला पुरलं.

पिठात वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर मीठ घातलं. गुंडाळी छान झाली, पण आश्विनातलं ऊन. अर्ध्या तासात ती थाळीत बसकण मारायला लागली. थंडी आणायची कुठून? आमच्या गावात तेव्हा बर्फ बघितलेली माणसं म्हणजे फौजेतलीच. मी गुंडाळी ओल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली, कडीच्या डब्यात घातली, डब्याला दोर बांधला आणि मामांना म्हणाले, "विहिरीत सोडायचाय."

"इहिरीला फराळ?"

"पाण्यात अर्धा राहिला पाहिजे, बुडता कामा नये. आणि उद्या सकाळपर्यंत मोटार चालू करायची नाही. पाणी खाली गेलं तर डबा लोंबकळेल."

मामांनी उसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाण्याची पाळी होती. तरी त्यांनी मोटार बंद ठेवली. दिवस मावळायच्या आत त्यांनी स्वतः डबा सोडला आणि दोर रहाटाला पक्का बांधला. जाताना एवढंच म्हणाले, "तिला उठवशील तर एक दीस ऊस वाळला तरी चालंल." मामा कमी बोलायचे. मी ते वाक्य अजून विसरलेली नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी उजाडताच डबा वर काढला. गुंडाळी घट्ट आणि गारढोण. चूल आधीच सारवलेली होती. मी पाट मांडला, समोर पोळपाट ठेवला, त्यावर गुंडाळी आणि चाकू. मग बाजेपाशी गेले.

"उठा. बिस्किटं कापायची आहेत. एका हाताचं काम आहे."

"मला न्हाई जमायचं."

"ऊन चढलं की पीठ मऊ होईल. उठा."

"तुला मराठी कळतंय का न्हाई गं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सासूशी कसं बोलावं, कसं बोलू नये, सगळं त्या क्षणी विसरले. म्हणाले, "आत्याबाई, तुमचा हात गेलाय. तुम्ही नाही गेलात. गेल्याचं सोंग करणार असाल तर करा, पण मग भाऊबीजेला लेकी आल्यावर त्यांना तुम्हीच सांगा, की तुमची आई गेली म्हणून. मी नाही सांगणार."

बोलून बसले. मामा ओसरीवर होते, त्यांनी ऐकलं असणारच. आत्याबाईंनी डावा हात मागं करून चाचपला आणि म्हणाल्या, "काठी कुठं मरून पडली?"

चुलीपर्यंत दहा पावलं. मी शेजारून चालले, पण हात लावला नाही. लावायचा मोह होत होता तो दाबला. त्या पाटावर टेकल्या. उजवा पाय लांब सोडला, उजवी मूठ छातीशी, डाव्या हातात चाकू घेतला. चाकू टेकवला की गुंडाळी घरंगळायची. ती धरायला दुसरा हात लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या शेजारणीच्या कडेवरच्या मुलीला धरणाऱ्या हाताची बोटं मोकळी असायची. तिनं गुंडाळीला टेकू दिला असणार, मी बघितलंच नव्हतं. आत्याबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. जोर लावला तर चाकू निसटून काप तिरका, चेंगरलेला. तिसऱ्यांदा गुंडाळी पोळपाटावरून खाली गेली.

मी धरायला पुढे झाले.

"लांब हो."

मी लांब झाले. ऊन दारातून आत यायला लागलं होतं. गुंडाळीला घाम फुटल्यासारखी चमक आली. मला वाटलं, संपलं. आता ही बाई उठेल, बाजेवर जाईल, आणि मीच तिला हे दाखवून दिलं असेल की तिला काही जमत नाही.

त्यांनी चाकू खाली ठेवला. चुलीभोवती बघितलं, भिंतीशी बघितलं, फळीखाली बघितलं.

"इळी कुठाय माझी?"

मी चेंगरलेला काप उचलायला लागले.

"इळी कुठं ठेवलीस?"

"माळ्यावर."

"कवापासनं?"

"तुम्ही दवाखान्यातून आल्यापासून. म्हटलं, लागेल तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की चार महिन्यांची सगळी सेवा माझ्या अंगावर ओझ्यासारखी पडली. "इळीवर तीस वर्सं बसले मी," त्या म्हणाल्या. "आन खाली."

मी शिडी लावली. विळी धुळीनं माखलेली, पात्याला गंजाची कड आलेली. चुलीतली राख घेऊन घासली, धुतली, पुसली, त्यांच्यापुढे ठेवली. एरवी उजवा पाय विळीच्या पाटावर ठेवून बसायची त्यांची सवय. त्यांनी दोनदा पाय उचलायचा प्रयत्न केला, नाही आला. मग त्या बसल्या जागी जरा सरकल्या, वळल्या, आणि डावा पाय विळीवर घट्ट रोवला. डाव्या हातात गुंडाळी आडवी धरली आणि पात्यावर ढकलली.

काप खाली पोळपाटावर पडला. गोल, स्वच्छ.

विळीला दुसरा हात लागतच नाही. पाय धरतो, हात ढकलतो. जन्मभर विळीवर भाजी चिरणारी मी, दीड वर्ष छावणीत राहिले आणि चाकूच्या नादाला लागले. एक काप, दुसरा, तिसरा. पहिले चार बोटभर जाड, पुढचे कागदासारखे पातळ, मग हळूहळू हात बसला. ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली, ती त्यांनी खांद्याला पुसली. मी पुसायला उठले नाही. गुंडाळीचं शेवटचं बोटभर टोक उरलं तेव्हा ते त्यांनी पात्यापासून मागं घेतलं आणि माझ्याकडे दिलं. "बोटं काय मला फुकट न्हाई मिळाली," म्हणाल्या.

मी काप थाळीत मांडू लागले. चूल पेटलेली होती, पातेल्यातली वाळू तापत आलेली. मांडून झाल्यावर मी थांबले. घास राहिला होता. ते टोक माझ्या हातात होतं, पण विस्तवाकडे हात काही जाईना. मी म्हणाले, "तुम्ही द्या."

"डाव्या हातानं न्हाई द्यायची मी."

"मग कसं?"

त्यांनी माझ्या हातातून टोक घेतलं, आपल्या मांडीवर ठेवलं. मग डाव्या हातानं छातीशी धरलेली उजवी मूठ खाली ओढली आणि तिची बोटं उघडायला लागल्या. एकेक करून. करंगळी, मग तिच्या शेजारचं. एक सोडलं की पहिलं परत मिटायचं, तेव्हा त्यांनी उघडलेली बोटं डाव्या अंगठ्याखाली दाबून धरली. कपाळाला घाम आला. आषाढापासून त्या तळहाताला ऊन लागलं नव्हतं; तो पांढरा पडला होता आणि मुठीत नखांचे वण होते. मी रोज वेणी घालणारी, घास भरवणारी, मला ते वण कधी दिसले नव्हते.

उघडलेल्या तळहातावर त्यांनी पिठाचा तो तुकडा ठेवला. डाव्या हातानं उजव्या मनगटाला खालून धरलं, हात उचलला, चुलीच्या तोंडाशी नेला आणि उपडा केला. तुकडा हाताला चिकटला. त्यांनी मनगट एकदा हलवलं, दुसऱ्यांदा हलवलं. मग तो पडला. लोणी होतं त्यात, जाळ एकदम वर आला आणि त्यांच्या वाकड्या तोंडावर उजेड पडला.

ओसरीवरून मामा उंबऱ्यापर्यंत आले होते. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला होता, देवापुढे डोकं टेकताना काढतात तसा. मला रडू आवरेना आणि ते आवरायचं कशाला हेही कळेना.

आत्याबाईंनी उजवा हात परत मांडीवर ठेवला, पोर निजवावं तसा, आणि काठीनं पातेल्याकडे खूण केली.

"बगत काय बसलीयास? जाळ कमी कर. जाड हायेत ती आदी लाव, पातळ मागनं घाल. न्हाईतर म्हनशील, म्हातारीनं कापली म्हनून करपली."